'पैसे पाठवले आहेत, फक्त फी भरा' : परदेशी ग्राहकाच्या नावाने चाललेली लूट

दीक्षाभूमीवर अशोक विजयादशमीला आणि १४ ऑक्टोबरला लागणारे स्टॉल आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. पुस्तके, कॅलेंडर, निळे झेंडे, बाबासाहेबांच्या तसबिरी, बुद्धमूर्ती. मूर्ती करणारे आमच्या भागातले तरुण सांगतात की वर्षाची मोठी कमाई या दिवसांत आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर होते. मग उरलेले महिने काय करायचे? मोबाइल हातात आहे, फोटो काढता येतात, म्हणून आता हे तरुण ऑनलाइन विकतात. कोणी मूर्ती, कोणी हाताने रंगवलेली चित्रे, कोणी जुना कॅमेरा, कोणी शिलाई मशीन. स्वतःच्या बळावर चार पैसे कमावण्याची ही धडपड आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे.

पण याच धडपडीवर टपून बसलेली एक टोळधाड आहे. परदेशी ग्राहक बनून ती येते, गोड बोलते आणि विकणाऱ्यालाच लुटून जाते. गेल्या काही महिन्यांत आमच्याकडे अशी प्रकरणे एकामागून एक आली. त्यातून आम्ही जे शिकलो ते तरुणांपर्यंत आणि कार्यकर्त्यांपर्यंत पोहोचावे म्हणून हे लिहीत आहोत.

चाळीस मूर्तींची ऑर्डर

उत्तर नागपुरातील ज्या वस्तीत आम्ही काम करतो, तिथला एक तरुण फायबरच्या बुद्धमूर्ती बनवतो. बी. ए. झाला आहे, नोकरी नाही. एका ऑनलाइन बाजारावर त्याने मूर्तींचे फोटो टाकले होते. एके रात्री मेसेज आला. सुरुवातच 'जय भीम, नमो बुद्धाय' अशी. समोरचा म्हणाला, मी लंडनमध्ये राहतो, आमच्या विहारासाठी ४० मूर्ती हव्यात. भाव १,५०० रुपये सांगितला, त्याने एका रुपयाचीही घासाघीस केली नाही. एकूण ६०,००० रुपयांची ऑर्डर! त्या घरात एवढी रक्कम एकदम कधी आली नव्हती.

दोन दिवसांनी पैसे पाठवल्याची पावती आली. त्यावर बँकेचे नाव, पौंडातली रक्कम, लांबलचक क्रमांक, सगळे होते. पाठोपाठ बँकेच्या नावाने ईमेल आला की परदेशातून आलेली रक्कम तुमच्या खात्यासाठी रोखून ठेवली आहे, चलन बदलण्याची फी ९,८०० रुपये भरा. त्याने भरली. मग 'रिझर्व्ह बँकेच्या मंजुरी'साठी १४,६०० रुपये. तेही भरले. मग 'परत मिळणारा कर' म्हणून १७,००० रुपये. एकूण ४१,४०० रुपये गेले. त्यातले २५,००० त्याच्या आईने बचत गटातून उचललेले होते. चौथ्यांदा पैसे मागितले तेव्हा देण्यासाठी घरात काही उरले नव्हते, म्हणून हा खेळ थांबला.

तो आमच्याकडे आला नवव्या दिवशी. पहिले वाक्य होते, "ताई, आईले सांगू नका." पैसे परत कसे मिळतील, हा प्रश्न त्याने नंतर विचारला. आम्ही तिथेच बसून १९३० ला फोन लावला, तक्रार नोंदवली. पण नऊ दिवसांत रक्कम अनेक खात्यांतून पुढे निघून गेली होती. शेवटच्या हप्त्यातली थोडी रक्कम तेवढी एका खात्यात गोठवता आली. बाकीचे पैसे गेले.

या प्रकरणात आम्हाला सर्वांत जास्त टोचली ती गोष्ट म्हणजे 'जय भीम'. फसवणाऱ्याने त्या मुलाचे पान पाहिले, त्यावरचे फोटो पाहिले आणि त्याच्या विश्वासाचा शब्द उचलला. ज्या शब्दावर आपण अनोळखी माणसाला घरात बसवून चहा पाजतो, तोच शब्द हत्यार म्हणून वापरला गेला.

दार बदलले, चोर तोच

हे एकट्या वस्तीचे दुखणे नाही. केंद्र सरकारने लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ या एका वर्षात सायबर फसवणुकीत देशातील नागरिकांचे २२,८४५ कोटी रुपये गेले. त्याआधीच्या वर्षी, २०२३ मध्ये, हा आकडा ७,४६५ कोटी होता. एका वर्षात तिप्पट. या आकड्यात शेअर बाजाराच्या नावाने झालेली फसवणूक आहे, 'डिजिटल अटक' आहे आणि आपल्या मूर्तिकारासारखे छोटे विक्रेतेही आहेत. छोट्या रकमांची बातमी होत नाही, एवढाच फरक.

काही वर्षांपूर्वी विक्रेत्यांना लुटण्याची पद्धत वेगळी होती. 'मी लष्करात आहे, जुना सोफा घेतो, पैसे पाठवतो' असे सांगून समोरचा क्यूआर कोड पाठवायचा किंवा यूपीआयवर पैसे मागणारी विनंती पाठवायचा. विक्रेत्याला वाटायचे पैसे येणार आहेत. पिन टाकला की खात्यातून जायचे. यावर उपाय म्हणून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे अशी 'कलेक्ट रिक्वेस्ट' पाठवण्याची सोय बंद केली. निर्णय चांगला आहे. एक दार बंद झाले.

पण 'फी भरा' म्हणणाऱ्या चोराला त्या दाराची गरजच नाही. इथे विक्रेता स्वतःच्या हाताने, स्वतःचा पिन टाकून, पूर्ण शुद्धीत पैसे पाठवतो. मोबाइलच्या दृष्टीने हा रीतसर व्यवहार असतो, त्यामुळे यंत्रणा तो अडवत नाही. कायद्याचे संरक्षणही इथे तोकडे पडते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या संमतीशिवाय खात्यातून पैसे गेले, त्यात चूक त्याची किंवा बँकेची नसली आणि त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर नुकसान त्याच्यावर पडत नाही. पण आपणच पाठवलेल्या पैशांच्या बाबतीत बँक म्हणते, व्यवहार तर तुम्हीच केला. म्हणून या लुटीत पैसे जाण्याआधीची सावधगिरी हाच खरा बचाव आहे.

ही सावधगिरी एका वाक्यात सांगता येते. विकणाऱ्याने पैसे घ्यायचे असतात, द्यायचे नसतात. आपला माल घ्यायला निघालेला माणूस, त्याची बँक, त्याचा कुरिअरवाला किंवा कोणताही सरकारी अधिकारी जर 'पैसे मिळण्यासाठी आधी पैसे भरा' म्हणाला, तर तिथेच बोलणे थांबवायचे. परदेशातून आलेल्या खऱ्या पैशांवर बँक शुल्क घेते, पण ते आलेल्या रकमेतून कापते. ते आधी भरा म्हणून कोणाच्या यूपीआय नंबरवर मागत नाही.

लुटीच्या पाच वाटा

आमच्याकडे आलेली प्रकरणे आणि इतरत्र दिसणाऱ्या पद्धती पाहिल्या तर पाच वाटा ठळक दिसतात.

पहिली, अडकलेल्या पैशांची. वर सांगितलेले प्रकरण याच प्रकारातले. कधी बँकेच्या नावाने, कधी पेपाल या परदेशी पैसे पाठवणाऱ्या सेवेच्या नावाने खोटा ईमेल येतो की रक्कम रोखली आहे. खाते 'बिझनेस' प्रकारात बदलण्यासाठी पैसे भरा किंवा आधी माल पाठवून पार्सलचा क्रमांक द्या, मग रक्कम सोडू. काही ईमेल रिझर्व्ह बँकेच्या नावाने येतात. रिझर्व्ह बँक सामान्य माणसाचे खाते उघडत नाही, त्याचे पैसे ठेवत नाही आणि ते सोडण्यासाठी फीसुद्धा मागत नाही. हे तिने स्वतःच वारंवार जाहीर केले आहे.

दुसरी, जास्तीच्या पैशांची. ग्राहक म्हणतो, तुमचे ६०,००० आणि माझ्या कुरिअर एजंटचे ३०,००० असे एकदमच पाठवले, एजंटचे तेवढे त्याच्या खात्यात टाका. पैसे आल्याचा पुरावा खोटा असतो किंवा ते चोरलेल्या कार्डावरून आलेले असतात. कार्डाचा खरा मालक तक्रार करतो आणि बँक व्यवहार उलटवते. कार्डाच्या व्यवहारावर असा आक्षेप साधारण चार महिन्यांपर्यंत, कधी त्यानंतरही येऊ शकतो. तोवर एजंटला दिलेले पैसे आणि पाठवलेला माल, दोन्ही गेलेले असतात. परदेशी चेकचेही तसेच. तो वटायला अनेक आठवडे लागतात आणि खात्यात जमा दिसला तरी नंतर परत जाऊ शकतो.

तिसरी, लिंकची. 'मी कुरिअर कंपनीत पैसे भरले आहेत, या लिंकवर जाऊन ते घ्या.' लिंक उघडली की नामांकित कंपनीसारखेच पान दिसते. तिथे कार्डाचा क्रमांक, मागचे तीन आकडे आणि ओटीपी मागतात. पैसे घेण्यासाठी कार्डाचे मागचे आकडे आणि ओटीपी लागत नाहीत. ते लागतात पैसे देण्यासाठी.

चौथी, क्यूआर कोडची. कलेक्ट रिक्वेस्ट बंद झाली तरी क्यूआर कोड आहेच. पैसे देणाऱ्याने कोड स्कॅन करायचा असतो, घेणाऱ्याने नाही. इथे आणखी एक खूण लक्षात ठेवावी. परदेशात राहणाऱ्या भारतीयांना काही देशांतील मोबाइल नंबरवरून यूपीआय वापरता येते, पण ते त्यांच्या भारतातील एनआरई किंवा एनआरओ खात्याला जोडलेले असावे लागते. तेव्हा स्वतःला परदेशी नागरिक म्हणवणारा ग्राहक 'कोड स्कॅन करून पिन टाका' म्हणत असेल, तर तो बहुधा भारतातच कुठेतरी बसलेला आहे.

पाचवी, कस्टमची. ग्राहक ओळख वाढवतो, खूश होऊन भेट पाठवल्याचे सांगतो किंवा आगाऊ रक्कम पार्सलमधून पाठवली म्हणतो. मग दिल्ली विमानतळावरून 'कस्टम अधिकारी' बाईंचा फोन येतो की पार्सलमध्ये परदेशी चलन सापडले आहे, दंड भरा नाहीतर अटक होईल. इथे लालूच संपते आणि धाक सुरू होतो. खरा सीमाशुल्क विभाग कोणाच्या वैयक्तिक खात्यावर पैसे मागत नाही. त्याच्या पत्रव्यवहारावर 'डीआयएन' हा दस्तऐवज क्रमांक असतो आणि तो केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर तपासता येतो.

या पाचही वाटांवर काही खुणा सारख्याच असतात. घासाघीस नाही, मालाबद्दल एकही खोदून विचारलेला प्रश्न नाही, सगळी घाई पैशांची आणि त्या संकेतस्थळावरून बोलणे लगेच व्हॉट्सॲपवर नेण्याचा आग्रह. खरा ग्राहक विचारतो. मूर्तीची उंची किती, वजन किती, वाटेत फुटली तर काय. फसवणाऱ्याला मूर्ती नकोच असते, म्हणून त्याला हे प्रश्न सुचत नाहीत.

आपलेच तरुण का सापडतात?

'लोभ केला म्हणून फसला,' असे सहज म्हटले जाते. आम्हाला हे मान्य नाही. ६०,००० रुपयांचा माल विकून ६०,००० रुपये मिळावेत, यात लोभ कुठला?

समाजशास्त्राच्या अभ्यासात सामाजिक भांडवल हा शब्द येतो. पैशाइतकेच महत्त्वाचे असे हे भांडवल म्हणजे ओळखी आणि घरात मुरलेली माहिती. पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करणाऱ्या घरातल्या मुलाला परदेशातून पैसे आले की बँकेचा कोणता कागद येतो, हे जेवताना कानावर पडत असते. शंका आली तर काकाला, मामाला विचारता येते. आपल्यातले बहुतेक विक्रेते मात्र धंद्यात उतरलेली पहिलीच पिढी आहे. वडील कारखान्यात, आई धुणीभांडी किंवा बांधकामावर. निर्यात हा शब्द घरात पहिल्यांदाच आलेला. मुलगा शिकलेला आहे, पण त्याच्या शिक्षणात हे कुठेच नव्हते आणि विचारायला घरात कोणी नाही. फसवणारा नेमकी ही पोकळी भरतो. तो स्वतःच मार्गदर्शक बनतो. 'घाबरू नका, पहिल्यांदा असेच होते,' असे तोच धीर देतो.

दुसरे कारण सन्मानाचे आहे. बाजारात भाव पाडून मागणारे, आडनाव विचारून चेहरा बदलणारे ग्राहक आपल्या तरुणांनी पाहिले आहेत. अशा वेळी सातासमुद्रापारचा कोणी 'तुमची कला फार सुंदर आहे' म्हणतो आणि सांगाल तो भाव देतो. मनावर त्याचा परिणाम होणारच. फसवणारे गरजेइतकाच मान मिळण्याच्या भुकेचाही फायदा घेतात.

तिसरे कारण फसवणुकीनंतरचे आहे आणि त्यात आपण सगळे वाटेकरी आहोत. 'एवढा शिकला आणि असा कसा फसला?' हे वाक्य वस्तीत फार लवकर फिरते. त्या वाक्याच्या भीतीने आमचा मूर्तिकार नऊ दिवस गप्प राहिला. त्याने पहिल्या फीनंतर कोणालाही विचारले असते तर ३१,६०० रुपये वाचले असते. शेवटच्या हप्त्यानंतर लगेच तक्रार केली असती तर आणखी काही सापडले असते. म्हणजे त्या घरातली मोठी रक्कम फसवणाऱ्याच्या हुशारीइतकीच आपल्या टोमण्यांच्या धाकानेही गेली.

मग परदेशात विकायचेच नाही का?

असा निष्कर्ष कोणी काढू नये. परदेशात आंबेडकरी समाज आहे, त्यांना मूर्ती, चित्रे, पुस्तके हवी असतात. खरे ग्राहक आहेत आणि खरा मार्गही आहे. तो थोडा संथ आहे, इतकेच.

धंदा म्हणून माल परदेशी पाठवायचा तर आयात-निर्यात कोड लागतो. विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पॅन कार्डाच्या आधारे तो ऑनलाइन मिळतो, शुल्क ५०० रुपये. माल पाठवण्यासाठी टपाल खात्याने देशभर 'डाक घर निर्यात केंद्रे' सुरू केली आहेत. कागदपत्रे आणि पॅकिंगबद्दल तिथे माहिती मिळते. दगडाच्या किंवा धातूच्या, जुन्यासारख्या दिसणाऱ्या मूर्ती असतील तर त्या पुरातन वस्तू नाहीत असे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे प्रमाणपत्र लागू शकते. त्याची चौकशी आपण स्वतः त्या कार्यालयात करावी. ग्राहकाने सुचवलेल्या 'एजंट'मार्फत नाही.

पैशांचा मार्ग बँकेचाच असावा. परदेशातून रक्कम आली की ती कशासाठी आली हे बँक विचारते आणि तिची लेखी सूचना देते. ती सूचना आणि खात्यात प्रत्यक्ष दिसणारी रक्कम, हे दोनच पुरावे मानायचे. समोरच्याने पाठवलेला स्क्रीनशॉट, 'स्विफ्ट कॉपी' किंवा पीडीएफ पावती हे पैसे नव्हेत. शंका आली तर आलेल्या ईमेलमधल्या नंबरवर फोन करू नये. पासबुक घेऊन आपल्या शाखेत जावे आणि काउंटरवर विचारावे.

ग्राहकाची खातरजमाही करता येते. तो एखाद्या विहाराचे किंवा संस्थेचे नाव घेत असेल तर त्या संस्थेचा संपर्क आपण स्वतंत्रपणे शोधावा आणि त्यांनाच विचारावे. इंग्लंड आणि वेल्समधल्या नोंदणीकृत धर्मादाय संस्थांची यादी तिथल्या चॅरिटी कमिशनच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. आमच्या मूर्तिकाराला आलेल्या विहाराचे नाव आम्ही नंतर तिथे शोधले. सापडले नाही. पाच मिनिटांचे काम होते. 'जय भीम' म्हणणाऱ्यावर अविश्वास दाखवायला जीव होत नाही, हे आम्ही समजू शकतो. पण जो खरोखर आपला आहे, तो चौकशी केली म्हणून रागावणार नाही.

एक इशारा वेगळा द्यायला हवा. काही वेळा 'ग्राहक' म्हणतो, माझे भारतातले व्यवहार तुझ्या खात्यातून कर, टक्केवारी देतो. असे खाते वापरायला देणे म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी लुटलेल्या पैशांची वाट बनणे. पोलीस तपास करत येतात ते आधी त्या खातेदाराच्या दारात, कारण कागदावर नाव त्याचे असते. सरकारी नोकरीच्या परीक्षा देणाऱ्या तरुणाच्या नावावर असा गुन्हा नोंदला गेला तर वर्षानुवर्षांची मेहनत मातीत जाते. खाते, एटीएम कार्ड, सिम कार्ड कोणालाही भाड्याने देऊ नका. मित्रालाही नाही.

फसल्यावर पहिला तास

तरीही कोणी फसलेच, तर रडण्याआधी फोन करायचा. १९३० हा राष्ट्रीय सायबर फसवणूक मदत क्रमांक आहे. तक्रार नोंदली की माहिती संबंधित बँकांकडे जाते आणि पैसे पुढे सरकण्याआधी ते गोठवण्याचा प्रयत्न होतो. म्हणून पहिला तास सर्वांत मोलाचा. फोन लागत नसेल तर 'सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन' या सरकारी पोर्टलवर तक्रार करावी. त्याच वेळी आपल्या बँकेलाही कळवावे आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यावा.

मेसेज, नंबर, ईमेल, पावत्या काहीही पुसू नये. लाजेने बरेच जण चॅट पुसून टाकतात आणि पुरावाच जातो. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, तारीख, वेळ एका कागदावर लिहावी. मग पोलीस ठाण्यात जावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घेतली पाहिजे. ती ऑनलाइनही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. 'आमच्या हद्दीत येत नाही' असे उत्तर मिळाले तर हे कलम नम्रपणे दाखवावे. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ड अशा प्रकरणांत लागू होतात. एकट्याने जाण्यापेक्षा सोबत एक कार्यकर्ता असला तर फरक पडतो, हा आमचा अनुभव आहे.

पैसे गेलेले नाहीत, पण संशयास्पद फोन किंवा मेसेज आला आहे, अशी वेळ असेल तर दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी'वरील 'चक्षू' या सोयीत त्याची नोंद करता येते. आपण वाचलो म्हणून नंबर ब्लॉक करून गप्प बसू नये. तोच नंबर उद्या शेजारच्या वस्तीत फिरणार असतो.

आणखी एक. फसलेल्या माणसाला काही दिवसांनी पुन्हा फोन येतो की आम्ही सायबर सेलमधून किंवा वकील म्हणून बोलतो आहोत, गेलेले पैसे परत मिळवून देतो, थोडी फी लागेल. ही त्याच लुटीची दुसरी फेरी असते. नियम तोच. पैसे मिळण्यासाठी पैसे द्यायचे नाहीत.

विहारात करता येण्यासारखे

या लढाईत एकटा विक्रेता टिकणार नाही. समोर टोळी असते. एक ग्राहक होतो, एक बँकवाला होतो, एक कस्टम अधिकारी होतो. इकडे एक पोरगा रात्री अकरा वाजता मोबाइलकडे बघत एकटाच ठरवत असतो. म्हणून आम्ही आमच्या वस्तीत तीन साध्या गोष्टी सुरू केल्या.

पहिली, दोघांचा नियम. ऑनलाइन विकताना पैसे 'भरण्याची' वेळ आली तर दुसऱ्या एका माणसाला मेसेज वाचून दाखवल्याशिवाय भरायचे नाहीत. मोठ्याने वाचला की मेसेजमधली खोट कानाला कळते.

दुसरी, रविवारची बैठक. बुद्धवंदनेनंतर अर्धा तास. ज्याला जो संशयास्पद मेसेज आला तो त्याने दाखवायचा. बँकेत नोकरी करणारे, पोस्टात असलेले आपलेच बांधव आहेत; त्यांना बोलावले तर ते येतात. बचत गटाच्या बायकाही बसतात, कारण शेवटी कर्ज त्यांच्याच नावावर उचलले जाते.

तिसरी आणि सर्वांत अवघड, टोमणे बंद. फसलेल्या माणसाला बैठकीत कोणी हसायचे नाही, 'मी तर आधीच म्हटले होते' असे म्हणायचे नाही. पहिल्या बैठकीत आमचा मूर्तिकार बोलला. त्याआधी त्याने आईला सगळे सांगितले होते. ती माउली चिडली, रडली आणि मग गटाचा हप्ता कसा भरायचा याचा हिशेब करायला बसली. त्याचे बोलणे संपल्यावर मागे बसलेल्या दोघांनी हात वर केला. त्यांच्याकडेही तसेच झाले होते. एकाचे वर्षभरापूर्वी. त्याने आजवर घरात कोणालाही सांगितले नव्हते.

मूर्तिकार अजून हप्ते फेडतो आहे. अलीकडे त्याला परदेशातून पुन्हा एक ऑर्डर आली, सहा मूर्तींची. ग्राहकाने मूर्तीचे वजन विचारले, फायबर उन्हात पिवळे पडते का विचारले, भावात थोडे कमी करून घेतले. बँकेतून पैसे यायला काही दिवस लागले आणि तोवर त्याने माल हलवला नाही. पासबुकात नोंद पाहूनच मूर्ती बांधल्या.

आपल्या वस्तीत, आपल्या विहारात या रविवारी एवढे विचारून पाहा की ऑनलाइन विकताना कोणाकडे आधी पैसे मागितले का? आमचा अनुभव सांगतो की एक तरी हात वर होईल. तो हात वर करणाऱ्याला आधी बसायला जागा द्या, पाणी द्या आणि त्याच्यासोबत बसून १९३० लावा.